‘सी’मध्ये काही नाही

हवल्लीच्या इब्न खल्दून रस्त्यावरच्या दुकानात मल्याळी टेक्निशियनने माझा लॅपटॉप पालथा घातला, पंख्यातून चमचाभर कुवेत बाहेर काढलं, लॅपटॉप पुन्हा सुलटा केला आणि तिसऱ्यांदा विचारलं, “साब, सी में कुछ है क्या?”

“कुछ नहीं,” मी म्हणालो. “सब ले लिया.”

“पक्का?”

“पक्का.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ऑपरेशनच्या कागदावर सही घेताना डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात. मग बटण दाबलं. माझी ‘सी’ ड्राइव्ह सोळा सेकंदांत स्वर्गवासी झाली. एवढ्या वेळात आमच्या बिल्डिंगच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, लिफ्टचा दरवाजाही उघडता येत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी होती १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख. त्या दिवसापासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार मिळणार नव्हता. संगणक चालू राहणार होता, पण पोरका होऊन. चिरंजीवांनी ही बातमी मला ऑगस्टमध्ये दिली, सप्टेंबरमध्ये दिली आणि ऑक्टोबरात देणं बंद केलं, कारण तोवर त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. विंडोज ११ साठी संगणकाला प्रवेशपरीक्षा असते. प्रोसेसर अमुक पिढीचा हवा, टीपीएम नावाची चिप हवी. माझा २०१९ सालचा लॅपटॉप काठावर पास झाला. पण त्याच्या पोटात सहा वर्षांचं इतकं काही साचलं होतं, की वरच्यावर नवं विंडोज चढवणं म्हणजे पोपडे न खरवडता भिंतीला रंग देणं. पाटी पुसून कोरी करायची, असं ठरलं. आणि पाटी पुसायची तर आधी तिच्यावरचं उतरवून घ्यायला हवं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. सुट्टीचा दिवस. सकाळचा चहा घेऊन मी मंगफच्या घरात बॅकअप घ्यायला बसलो. अंदाज होता की दुपारच्या जेवणापर्यंत उरकेल.

गल्फमधल्या माणसाच्या संगणकात काय असतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. भारतातला माणूस फोटो साठवतो, आम्ही स्वतःच्या अस्तित्वाचे पुरावे साठवतो. सिव्हिल आयडी पुढून, सिव्हिल आयडी मागून. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना. डिग्रीचं प्रमाणपत्र, त्यावर मुंबईतल्या राज्य सरकारच्या कार्यालयाचा शिक्का, त्यावर दिल्लीतल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यावर कुवेतच्या वकिलातीचा. मूळ डिग्री आता त्या शिक्क्यांच्या मधून, गर्दीतल्या लहान मुलासारखी, डोकावून पाहते. पगाराचं सर्टिफिकेट, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलगा आपलाच आहे याचं सर्टिफिकेट. कंपनीची सरकारी कामं करणारा मंदूब कधी कुठला कागद मागेल, याचा नेम नसतो. तो मागतो तेव्हा ‘आत्ता’ मागतो आणि आपण मागतो तेव्हा ‘बुक्रा (म्हणजे उद्या), इन्शाल्ला’ म्हणतो.

माझ्या पासपोर्टचे स्कॅन मोजले. एकोणीस निघाले. ‘पासपोर्ट’, ‘पासपोर्ट नवा’, ‘पासपोर्ट नवा सरळ’ (आधीचा तिरका आला होता), ‘पासपोर्ट लहान’ (सरकारी साइटला मोठी फाइल पचत नाही), ‘पासपोर्ट लहान नको’ आणि नुसतंच ‘स्कॅन०००४’, ज्यात पासपोर्टबरोबर माझा अंगठाही होता. शिवाय निळ्या पडद्यासमोर काढलेले माझे फोटो. इकाम्यासाठी निळी पार्श्वभूमी लागायची म्हणून स्टुडिओवाला मागे निळा पडदा सोडत असे. बारा वर्षांतले हे फोटो ओळीने पाहिले तर केस मागे हटत जातात आणि निळा रंग पुढे सरकत येतो. विंडोज कोसळताना जो निळा पडदा दिसायचा त्याला मी कधीच का घाबरलो नाही, ते त्या दिवशी समजलं.

पण खरी गंमत पुढे होती. ‘डी’ ड्राइव्हमध्ये ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर होता. तो उघडला तर आत ‘जुना लॅपटॉप’. त्याच्या आत ‘बॅकअप नवा’. त्याच्या आत ‘फायनल’. ‘फायनल’च्या आत ‘ऑफिसचा पीसी २०११’ आणि त्याच्या आत, दिवाळीतल्या शेवटच्या फटाक्यासारखा सादळून पडलेला, ‘खरंच फायनल’. प्रत्येक संगणक बदलताना मी आधीच्या संगणकाला सबंध गिळलं होतं. सापाने बेडूक गिळावा, बेडकाने किडा आणि किड्याच्या पोटात २००६ सालचं विजेचं बिल निघावं, तशी ही अन्नसाखळी. यातलं डुप्लिकेट काढून टाकू, असं मनात आलं. पण तिथे घरातल्या सगळ्याच आवराआवरीत होतं तेच झालं. मी २००९ सालच्या हळदीकुंकवाचे फोटो पाहत बसलो आणि अडीच वाजले.

मग सगळंच्या सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायला लावलं. कॉपी होताना विंडोज उरलेला वेळ दाखवतं. मला आधी ‘१२ मिनिटं’ दाखवलं. मग ‘४ तास’. मग ‘१ दिवस’. मग एकदम ‘४० सेकंद’. आणि ते चाळीस सेकंद संध्याकाळचा चहा होईपर्यंत चालले. वेळेचा हा अंदाज सांगणारा प्रोग्राम ज्याने लिहिला, त्याने कुठेतरी मंदूब म्हणून उमेदवारी केली असणार.

जाणकार सांगतात की प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. घराबाहेरची प्रत मीही एकदा ठेवली होती. गाडीत. डॅशबोर्डच्या कप्प्यात. जुलै महिन्यात. ज्या देशातल्या मित्रिबा या ठिकाणी २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्यही केलं, त्या देशात बंद गाडीत हार्ड डिस्क ठेवणारा माणूस जाणकारांचं ऐकतो असं म्हणावं की नाही? सप्टेंबरात ती डिस्क लावली, तर आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला.

म्हणून या वेळी घराबाहेरची प्रत सालमियातल्या काकांकडे न्यायची ठरवली. काका १९८३ सालापासून इथे आहेत. त्यांच्या घरी कपड्यांच्या कपाटापेक्षा कागदांचं कपाट मोठं आहे. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सला प्लास्टिकचं पाकीट. मी हार्ड डिस्क दिली तेव्हा त्यांनी ती कानाशी धरून हलवून पाहिली, नारळ पाहतात तशी.

“यात सगळं आहे?”

“सगळं.”

“आम्हीपण सगळंच घेतलं होतं,” काका म्हणाले.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा आत आल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी काका-काकू बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या सरहद्दीवर पोचले. तिथून अम्मानला आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या वेळी ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून एक लाखाहून जास्त भारतीयांना घरी नेलं गेलं. काकांचं विमान त्यांतलंच एक. निघताना हातात किती न्यायचं याला मर्यादा होती. काकांनी डिग्र्या, पासपोर्ट, बँकेची पासबुकं, कंपनीची पत्रं असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत पोटाला बांधलं. वाळवंटात ऑगस्टमध्ये पोटाला प्लास्टिक बांधून बसायचं म्हणजे काय, ते ते सांगत नाहीत. तिथे घामोळं आलं होतं, एवढंच काकू सांगतात.

“आता विचार कर,” काका म्हणाले, “डिग्री पुन्हा काढता आली असती. विद्यापीठ काय पळून जाणार होतं? पासपोर्ट सरकारने पुन्हा दिलाच असता. लग्नाचा अल्बम मात्र टीव्हीखालच्या खणात राहिला. ब्याण्णवमध्ये परत आलो तेव्हा टीव्ही नव्हता, खण नव्हता, दारसुद्धा नव्हतं. त्यामुळे लग्नात मी सडपातळ होतो हे आता जगात कुणालाही पटवून देता येत नाही.”

“मलाही आठवत नाही,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

काकांचं असं मत आहे, की त्या वर्षी अख्खा देशच फॉरमॅट झाला. आणि हिशेब लावला तर ते तसं बरोबरच आहे. लुटलेल्या नोटा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुक्तीनंतर, मार्च १९९१ मध्ये, कुवेतने नव्या नोटा आणल्या आणि जुन्या रद्द केल्या. म्हणजे पासवर्ड बदलला. कुवेतची नॅशनल बँक ताब्याच्या काळात लंडनमधून चालवली जात होती. म्हणजे घराबाहेरची प्रत होती आणि ती कुणाच्या गाडीत नव्हती. सरकारी दफ्तरं मात्र इराकमध्ये गेली, ती अजून हप्त्याहप्त्याने परत येतात. मार्च २०२१ मध्ये इराकने सुमारे आठ टन दफ्तर आणि इतर वस्तू परत केल्या. तीस वर्षं झाली तरी कॉपीची ती हिरवी पट्टी पुढे सरकतेच आहे.

तर शनिवारी हवल्लीला जाऊन ‘सी’मध्ये काही नाही असं मी छातीठोकपणे सांगून आलो. पाच दिनार दिले. लॅपटॉप घरी आणला तेव्हा तो नव्या सुनेसारखा लगबगीने वागत होता. पुढचा आठवडाभर मी ऑफिसात ज्याला त्याला बॅकअपचं महत्त्व सांगत फिरलो. ज्यांनी अजून काही केलं नव्हतं त्यांच्याकडे मी, विमा उतरवलेला माणूस न उतरवलेल्याकडे पाहतो, तसं पाहायचो. गुरुवारपर्यंत लोक मला पाहून जिन्याने जाऊ लागले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. वसुबारस. दिवाळीची सुट्टी इथे नसते, त्यामुळे सगळा फराळ शुक्रवार-शनिवारच्या दोन दिवसांत उरकायचा होता. ओट्यावर मैदा, रवा, तूप, खोबऱ्याचा कीस मांडून झाला होता. बायको म्हणाली, “अहो, फराळाची फाइल उघडा जरा. करंजीचं मोहन पाहायचं आहे.”

ही फाइल साधीसुधी नाही. सासूबाई मोर्शीच्या. लग्न होऊन इकडे यायच्या आधी बायकोने त्यांच्या शेजारी बसून सगळा फराळ टाइप करून घेतला होता. तिने मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा मोर्शीतल्याच टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये दिलेली. त्यामुळे फाइल तिने तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे कृतीदेव फॉन्टमध्ये केली होती. युनिकोडचं नाव आमच्या घरी पुष्कळ नंतर पोचलं.

मी फाइल उघडली. फाइल होती. पानं होती. परिच्छेदही होते. फक्त मराठी नव्हतं. सगळीकडे इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, तिरप्या रेघा. जणू मांजर कीबोर्डवरून चालत गेलं होतं आणि मग काहीतरी विसरलं म्हणून परत आलं होतं.

कृतीदेव हा बहुरूपी फॉन्ट आहे. फाइलमध्ये तो इंग्रजी ‘डी’च लिहून ठेवतो, पण पडद्यावर त्याला ‘क’चं सोंग देतो. ‘ई’ला ‘म’चं. फॉन्ट संगणकात असेपर्यंत सोंग टिकतं. फॉन्ट गेला की रंग उतरतो आणि मागचा डी उघडा पडतो. आणि फॉन्ट राहतात कुठे? ‘सी’ ड्राइव्हमध्ये, विंडोज फोल्डरच्या आत, फॉन्ट्स नावाच्या खोलीत. त्या खोलीत मी आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. पासपोर्टचे एकोणीस स्कॅन जिवापाड जपणाऱ्या माणसाने मराठी अक्षरंच मागे ठेवली होती.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“फाइल आहे,” मी म्हणालो. मंदूबकडून मी काहीतरी शिकलो होतो.

तिने येऊन पडद्याकडे पाहिलं. राग आला की तिची बोली बदलते. “काहून पण? आठ दिवस तर तुम्ही तेच करून राहिले होते!”

मी हवल्लीला जाऊन येतो म्हणालो. शुक्रवारी दुपारी ते दुकान बंद असतं. मग सालमियाच्या काकांकडची प्रत आणतो म्हणालो. त्या प्रतीतही हाच डी होता. मी खुर्चीवर बसून राहिलो. ओट्यावरचा रवा माझ्याकडे पाहत होता.

तेवढ्यात बायकोने हात पुसले, टेबलाशी बसली आणि दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या काचेवर ठेवली. पडद्यावर पहिला शब्द होता: डी, जे, ए, टी, एच. तिने डोळे मिटल्यासारखे केले, बोटं काचेवर पाच वेळा आपटली आणि म्हणाली, “करंजी.”

मला वाटलं, योगायोग.

पुढचं: जे, ओ, के. मी वाचलं ‘जोक’. तिची बोटं हलली. “रवा.” वाय, के, एम, डब्ल्यू, म्हणजे मला तरी जर्मन मोटारकंपनीचा धाकटा भाऊ वाटला. “लाडू.” पी, डी, वाय, एच? “चकली. पण तिचं भाजणीचं पान खाली आहे.” ओ, के, व्ही, एच म्हणजे वाटी. ई, के, एस, जी, यू म्हणजे मोहन. अक्षरांकडे पाहून तिला काहीच कळत नव्हतं. बोटांनी मारून पाहिलं की कळत होतं. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कळांवर पुठ्ठा झाकून सर घोकून घ्यायचे, ते सगळं बोटांच्या शेवटच्या पेरात जसंच्या तसं होतं. मोडलेल्या रफारावरसुद्धा तिचा डावा हात क्षणभर थांबून बरोबर जागी जात होता. मी समोर वही घेऊन लिहून घेत होतो. म्हाइंभटांच्या भूमिकेत मला पहिल्यांदाच काम मिळालं.

म्हाइंभट उगीच आठवले नाहीत. ऋद्धपूर हे मोर्शी तालुक्यातलंच गाव. चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र लिहिलं. ते तेराव्या शतकात. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्या तोंडून ती पुन्हा उभी करावी लागली. त्यात हिराइसा नावाच्या बाईचा पाठ फार मानाचा. शिवाय चक्रधरांच्या महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांनी त्या उलगडीपर्यंत बाहेरच्या माणसाच्या दृष्टीने पोथी होती, पानं होती आणि मराठी नव्हतं. सासरच्या मंडळींनी हे मला लग्नाच्या आधी सांगितलं असतं, तर मी फॉन्ट आधी उचलले असते.

दीड पान उतरलं तेव्हा चिरंजीव झोपेतून उठून आले. दुपारचे साडेतीन वाजले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं, आईच्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, “हे काय चाललं आहे?”

सांगितलं.

“फॉन्ट डाउनलोड का करत नाही? फुकट मिळतो.” आणि त्यांनी तो केला. मी मनात मोजलं. चाळीस सेकंद, आणि या वेळी ते खरोखरच चाळीस होते. पडदा एकदा थरथरला आणि सगळं मराठी आपापल्या जागी येऊन बसलं, शाळेत साहेब आल्यावर पोरं बसतात तसं. मी वही मिटली. चिरंजीवांनी फ्रिज उघडला आणि आतलं काही न घेता बंद केला.

बायको एका शब्दाने बोलली नाही. ती फाइल आणि माझी वही ताडून पाहत होती. करंजीत, रव्यात, सारणात एकही अक्षर चुकलं नव्हतं. मोहनालाही ‘पाव वाटी तूप, कडकडीत’ बरोबर होतं.

तिथेच थांबलो असतो तर करंज्या वेळेवर झाल्या असत्या. पण बॅकअपवाल्या माणसाला एक प्रत पाहून समाधान होत नाही. मी सापाच्या पोटातून बेडूक आणि बेडकाच्या पोटातून किडा काढत ‘खरंच फायनल’पर्यंत गेलो. तिथे फराळाची आणखी एक प्रत होती. आता ती वाचता येत होती. तिच्यात लिहिलं होतं: ‘पाऊण वाटी तूप’.

“पाव का पाऊण?” बायकोने मला विचारलं, जणू ती फाइल मी टाइप केली होती.

“तारखेवरून कळेल,” मी म्हणालो. तारखा पाहिल्या. सगळ्या फाइलींवर मागच्या शुक्रवारची तारीख होती. कॉपी करताना मी काहीतरी केलं होतं, ते काय, मला आता आठवत नाही.

कुवेतमध्ये सहा वाजले होते, म्हणजे मोर्शीत साडेआठ. सासूबाईंना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लावला. त्या अंगणात होत्या. मागे कुणाचा तरी लवंगी फटाका वाजला. बायकोने सगळं सांगितलं. लॅपटॉप, हवल्ली, फॉन्ट, बोटं, दोन प्रती. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी बायको म्हणाली, “तर आई, मोहनाला तूप पाव वाटी की पाऊण वाटी?”

सासूबाईंनी फोन जरा जवळ घेतला. पडद्यावर नुसतं कपाळ आणि कुंकू दिसू लागलं.

“वाटी?” त्या म्हणाल्या. “कोनती वाटी? मी त अंदाजानंच टाकतो, बाप्पा. तू लिहीत होती, तर म्यायनं तुले वाटी सांगतली.”